बरडावरची घरं

मोठी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका शेतात मोजणीची टेप धरून उभा होतो. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "सकाळी चहा घेतला, जरा आडवी झाली... मग उठलीच नाही." ऐंशी ओलांडलेल्या बाईने आणखी काय मागायचं? रडू आलं, पण त्यात तक्रार नव्हती. आता पाचेक आठवडे झालेत आणि तिची आठवण निघाली की घरात हसूच जास्त येतं.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणून आम्हा सगळ्यांची मोठी आई. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या पुढे गाडीने पंधरा मिनिटांवर आमचं गाव. मोठे बाबा लवकर गेले. तिने एकटीने धानाची शेती केली, मुलाला मोठं केलं आणि पुढे दोनदा ग्रामपंचायतीवर निवडून आली. बोलणं असं रोखठोक की नवी सून आठवडाभर घाबरून राहायची आणि नंतर तिच्याच मागेमागे फिरायची. मी कुडव्यात राहतो आणि गोंदियात ले-आउटचे नकाशे काढतो. शेताचे प्लॉट कसे पडतील, रस्ते आणि नाल्या कुठून जातील, ते कागदावर मांडायचं काम. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका शेठने आमच्याच गावची खालची बांधी, म्हणजे तलावाच्या वरच्या अंगाची धानाची जमीन, प्लॉटसाठी घ्यायचं ठरवलं आणि नकाशाचं काम माझ्याकडे आलं. माझं पहिलं मोठं काम. मोठ्या आईचे दोन एकरही त्यातच होते. मला वाटलं, तिला आनंद होईल.

श्रावणातली दुपार होती. ओसरीवर मी नकाशा पसरला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला, मग विचारलं, "हे तू कधी मोजलं?"

"उन्हाळ्यात."

"चाल." एवढं बोलून ती उठली. पदर खोचून पुढे ती, मागे नकाशाची गुंडाळी डोक्यावर धरून मी. बांधीत गुडघ्याएवढं पाणी. मधोमध थांबून ती म्हणाली, "आता दाखव, तुहा बारा नंबरचा प्लॉट कुठं आहे." मी अंदाजाने हात केला. "तिथं जाऊन उभा राय." उभा राहिलो. पाणी संथपणे तलावाकडे निघालं होतं आणि बारीक मासोळ्या माझ्या पायांमधून उलट्या वर चढत होत्या. "इथं मुरूम टाकून भराव केला, तं हे पाणी जाईन कुठं? पहिले त्या घरात, मंग गावात. अन् तलाव राहीन कोरडा." चूक कळली होती, पण शेठला कोणत्या तोंडाने सांगू, हेच मनात घोळत होतं.

मी सांगितलं नाहीच. ग्रामसभेत ना हरकतीचा विषय आला तेव्हा मी शेठच्या शेजारी खुर्चीवर, नकाशा मागे भिंतीला टांगलेला. शेठने रस्ता देऊ, सभागृह देऊ असं सांगितलं आणि माना डोलू लागल्या. मोठी आई उभी राहिली. पाण्याचं सगळं सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, तुमचीच दोन एकर हाये त्याच्यात. भाव आला आहे, तं आडव्या काऊन येऊन राहिल्या?"

"माही आहे म्हणूनच बोलून राहिली. दुसऱ्याची असती तं मले बोलाचा हक्क कमी होता."

एकाने विचारलं, असला नकाशा काढला तरी कोणी? माझे कान तापले. सगळ्यांना ठाऊक होतंच, पण ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नकाशा चांगला आहे. जागा चुकली."

ना हरकत मिळाली नाही. मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. दिवाळीपर्यंत गावी फिरकलो नाही. शेवटी तीच ऑटोने कुडव्याला माझ्या घरी आली, पिशवीत नवे पोहे. "रुसून झालं असन तं नवा नकाशा काढ," म्हणाली. "घरं नको असं मी म्हटलंच नाही. पोरं वाढून राहिली, थे राहतीन कुठं? वरच्या बरडावर काढ. तिथं तरोट्याशिवाय काही उगवत नाही." बरडावर तिची स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. ज्यांची होती त्यांच्याकडे, जमीन देता का विचारायला, ती माझ्यासोबत चालत गेली. यावेळी मी पावसात मोजलं. ग्रामसभेने ठराव केला, खाली नाही, वर चालेल. नगररचना कार्यालयाचे साहेब येऊन दोन्ही जागा पाहून गेले आणि वर्षभराने बरडाची परवानगी आली. खालच्या बांधीऐवजी बरड घ्यायला शेठ कुरकुरला, मग हसून म्हणाला, "चलो, पानी नहीं भरेगा बोल के बेचेंगे." तसंच विकलं त्याने.

तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. गुरांच्या वाटेसाठी तिने माझ्याकडून भांडून रुंद पट्टा सोडवून घेतला. घरं झाली तोवर गावात गुरंच उरली नाहीत. आता तिथे पोरं क्रिकेट खेळतात. "चुकली मी," ती मान्य करायची, "पण पोरायले तरी जागा झाली ना." प्रत्येक गृहप्रवेशाला ती गेली आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीला नावं ठेवून आली.

परवा तिकडे गेलो होतो. टोकाच्या घरात रायपूरकडच्या एक भाभी राहतात. संध्याकाळी चारच्या सुमारास त्यांनी दारात प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि आत वळल्या. मी पाहत होतो ते त्यांच्या लक्षात आलं. "अम्मा इसी टाइम आती थीं," त्या ओशाळून म्हणाल्या. "हाथ अपने आप रख देता है... आप बैठिए ना."

मी बसलो. समोर उतारावरची बांधी पिवळी झाली होती, लोंब्या वाकल्या होत्या, आणि त्यापलीकडे काठोकाठ भरलेला तलाव. भाभी चहा घेऊन आल्या, पण मला तो घ्यायला बराच वेळ लागला.