शंभर दिवसांचा डास

"शून्य तू मारलंस."

"मारलं. टाईप करताना बोट दोनदा पडलं. पण नंतर ते गायब कोणी केलं?"

"गायब काय गायब! चूक होती, दुरुस्त केली."

"चूक दुरुस्त केली की माणूस सांगतो, अहो, दुरुस्त केली म्हणून. तुम्ही सांगितलंत?"

"सुलभा, चाळीस वर्षं झाली त्याला."

"एकोणचाळीस."

"झालं! माझ्या प्रत्येक आकड्याला तुझं…"

"आकड्यावरूनच चाललंय ना सगळं!"

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावात, आमच्या स्वयंपाकघरात, २०२१च्या मे महिन्यातल्या एका दुपारी, माझे सासरे पुरुषोत्तम आणि सासूबाई सुलभा यांचं हे चाललं होतं. सासूबाई कणीक तिंबत होत्या, म्हणजे कणकेवर राग काढत होत्या. बाबा प्रेस उघडून त्यात काहीतरी शोधल्यासारखं करत होते. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. भांडणात तोंड लपवायला ते बरं पडतं.

"तो विसरलाय," बाबा कपाटात बोलले.

"विसरला असता तर मला वर्गात शिकवला नसता धडा करून."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"घरी बोलवायचं. समोर बसवायचं. सांगायचं."

"आणि त्यातून काय मिळणार?"

"तुम्हाला काही नाही मिळणार. त्याचं आहे, ते त्याला मिळेल."

बाबांनी मसाल्याचा डबा काढला, नको होता तरी काढला, आणि परत ठेवला.

तो म्हणजे मालम तिजानी. मालम म्हणजे गुरुजी. उत्तर नायजेरियात शिक्षकाला असं म्हणतात.

सासूसासरे कराडहून दोन महिन्यांसाठी म्हणून आले, फेब्रुवारी २०२०मध्ये. मग विमानं बंद, मग उघडली तर तिकडची बातमी ऐकून नितेश, माझा नवरा, म्हणाला, आता नाही पाठवत. सासूबाईंना इंग्रजी येत होतं, पण इथलं नाही. दुकानातली बाई 'ग्रँड' म्हणाली म्हणजे हो की नाही, हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी नवख्या लोकांसाठीचा इंग्रजीचा वर्ग धरला, झूमवर, दर मंगळवारी. पडद्यावर साठीला आलेला एक माणूस यायचा. भरतकामाची पांढरी टोपी, जाड चष्मा, आणि हातात कायम कागद. 'आज मंगळवार आहे' हे वाक्यसुद्धा तो कागदात बघून म्हणायचा.

"सर, तुम्हाला पाठ नाही?" वर्गातल्या कोणीतरी चेष्टेनं विचारलं.

"माझ्या पाठांतरावर मी विसंबत नाही," तो म्हणाला. "तुम्हीही विसंबू नका. कागद बघा."

सासूबाईंना तो फार आवडला. "चुकलं तरी ग्रँड म्हणतो गं. आमच्या ह्यांच्यासारखा नाही."

२०२१च्या जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. माणसं कंटाळली, वर्गात येईनाशी झाली, तेव्हा तिजानी सरांनी वाचनासाठी स्वतःचीच गोष्ट लिहायला घेतली. सोप्या वाक्यांत, दर मंगळवारी एक पान. सासूबाई ती रात्री जेवताना आम्हाला मराठीत सांगायच्या. आमच्या घरी त्या हिवाळ्यात तीच मालिका होती.

"त्यांचे वडील टोप्यांवर भरतकाम करायचे. पाच वर्षांचा असताना याला शाळेत घातलं. कडुनिंबाखाली."

"आपला कडुनिंब?"

"आपलाच. गोऱ्यांनी नेऊन लावला म्हणे. हातात लाकडी पाटी. काजळीची शाई. कुराणाच्या ओळी लिहायच्या, पाठ करायच्या, गुरुजींना म्हणून दाखवायच्या. आल्या की पाटी धुवायची आणि ते पाणी प्यायचं."

"प्यायचं?" नितेशचा घास हातातच राहिला.

"यू ड्रिंक द होमवर्क?" आमची सात वर्षांची अबोली खूष झाली.

"प्यायचं. विद्या पोटात जाते. आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं चालायचं नाही. जसं लिहिलंय तसंच. तेरा वर्षांचा झाला तेव्हा अर्धा ग्रंथ तोंडपाठ. वडील शुक्रवारी संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलवायचे आणि याला म्हणायचे, म्हण."

बाबा रंगात आले. "आमचे आजोबा पावकी-निमकी अशीच घ्यायचे. अडलास की पुन्हा पहिल्यापासून. पाठांतराला आज किंमत नाही. हा कुठला म्हणालीस?"

सासूबाईंनी गावाचं नाव सांगितलं. मग ज्या गावातल्या शिक्षक प्रशिक्षण कॉलेजात तो पुढे गेला त्या गावाचं.

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आमटीत मीठ नाही," म्हणाले आणि उठले. मीठ होतं. पुढच्या मंगळवारपासून ते आमच्या आधी जेवू लागले. सासूबाईंचा कॅमेरा त्याच आठवड्यात बिघडला, तो नंतर कधी चालला नाही.

मला तेव्हा काही कळलं नाही. कळायला हवं होतं. कारण बाबा १९७९ ते ८४ त्याच कॉलेजात सामान्य विज्ञान शिकवत होते. तेव्हा आपल्याकडचे कितीतरी मास्तर नायजेरियात गेले तसे हे गेले, पाठोपाठ लग्न होऊन सासूबाई. सहस्रबुद्धे तिथे कोणाला म्हणता येईना, म्हणून बाबा 'मिस्टर पुरु'. आणि तिकडून आलेली एक गोष्ट आमच्या घराची लाडकी गोष्ट होती. शंभर दिवसांचा डास. एका पोरानं परीक्षेत अशी आंधळी नक्कल मारली की अंड्यापासून डास व्हायला दहाऐवजी शंभर दिवस लावले! बाबा ती सत्काराच्या भाषणात सांगायचे, मुंजीत सांगायचे. "तिथला डास फार सावकाश हो!" हशा. मी त्यावर नक्कल बसवली होती. टोपी, घाबरलेले डोळे, तुटकं इंग्रजी. मागच्या दिवाळीला मंडळाच्या झूमवर ती केली, आणि लोक हसून हसून खुर्चीतून पडले. मी नाटक शिकलेली मुलगी, टाळी कुठे आहे ते मला बरोबर कळतं. त्या गोष्टीच्या वेळी सासूबाई दर वेळी चहा ठेवायला आत जायच्या, हे मात्र मला कधी दिसलं नाही.

ते पान एप्रिलमध्ये आलं. त्या दिवशी सासूबाईंनी जेवताना काही सांगितलं नाही. पान ओट्यावर राहिलं, ते मी वाचलं.

'मी कॉलेजात होतो. आमच्याकडे पुस्तकं नव्हती. मिस्टर पुरु यांनी टिपणं तयार केली होती. ती वर्गाच्या कपाटात असायची. घरी नेता येत नसत. म्हणून मी ती पाठ केली. परीक्षेत मी सगळं तसंच्या तसं लिहिलं. मिस्टर पुरु म्हणाले, तू नक्कल केलीस, आणि तीही चुकीची, शंभर दिवस लिहिलेस. मी म्हणालो, टिपणात शंभरच आहे. प्राचार्य म्हणाले, उद्या टिपणं बघू. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. टिपणात दहा होते. वीसच्या वीस प्रतींत दहा होते. प्राचार्य म्हणाले, म्हणजे पाठ नव्हतं, तू खोटं बोललास. मला एक वर्ष घरी पाठवलं. मिस्टर पुरु चांगले शिक्षक होते. माझी आठवण चुकली होती.'

खाली प्रश्न होता. 'चूक कोणाची होती? पूर्ण वाक्यात उत्तर लिहा.'

त्याखाली सासूबाईंच्या वळणदार अक्षरात, इंग्रजीत: चूक विद्यार्थ्याची होती. त्यांनी फोटो काढून पाठवलं होतं आणि सरांचं उत्तरही आलं होतं. बरोबरची खूण. ग्रँड, सुलभा.

मी पान घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या पलंगावर बसल्या होत्या, हात मांडीखाली दाबून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

"टाईप मी केली होती टिपणं," त्या म्हणाल्या. "स्टेन्सिलवर. दहा मारताना शून्य दोनदा पडलं. ह्यांनी न वाचता प्रती काढल्या. मुलगा बोलला त्या संध्याकाळी हे कपाटातल्या सगळ्या प्रती घेऊन घरी आले आणि बघितलं तर शंभर. म्हणाले, तपासनीस आलेत गावात, बाहेरून आलेला मास्तर आपल्याच टिपणात चुकला म्हणतील. ते पान पुन्हा टाईप कर."

"आणि तुम्ही केलंत?"

"वीस प्रती मी पिना काढून परत लावल्या गं."

त्यापुढची पानं मी स्वतः वाचली. त्या वर्षी घरी आल्यावर शुक्रवारी शेजारी जमले, वडील म्हणाले, म्हण. त्याने सुरुवात केली, आणि तिसऱ्या ओळीवर त्याला वाटलं, हे असंच आहे कशावरून? थांबला तो थांबलाच. अर्धा राहिलेला ग्रंथ मग त्याने पुरा केला नाही. वर्षाने कॉलेजात परत गेला, उत्तीर्ण झाला. गुराख्यांच्या मुलांना शिकवलं. गुरं चारा शोधत जातील तिकडे शाळा जायची, घडीचा फळा गाढवावर. मग वीस वर्षं शिक्षकांना शिकवलं. पहिल्या तासाला तो प्रत्येक तुकडीला एकच सांगायचा: मुलाला कागद घरी न्यायला द्या. बायको परिचारिका, तिला पोर्टलीशच्या रुग्णालयात नोकरी लागली म्हणून २००८मध्ये आयर्लंडला आला. इथे त्याची प्रमाणपत्रं कोणी धरली नाहीत. सात वर्षं आगारात बस धुतल्या. मग हा वर्ग.

एवढं झालं आणि तरी त्या दोघांना हा विषय एकमेकांशी काढायला महिना लागला. काढला तो त्या कणकेच्या दुपारी. बाबा शेवटी प्रेसचं दार लावून म्हणाले, "बोलव."

जूनमधल्या शनिवारी तो आला. घरात बोलवायला सगळ्यांना अजून भीती वाटत होती, म्हणून मागच्या बागेत खुर्च्या मांडल्या, लांब लांब. सकाळी पाऊस पडून गेला होता. सासूबाईंनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं की माझे यजमान तुम्हाला ओळखतात. बाजूच्या फाटकातून तो आत आला, बाबांकडे बघत राहिला, चष्मा पुसला.

"मिस्टर पुरु?"

आणि त्या ओल्या गवतात तो खाली बसला. उकिडवा, गुडघ्यांवर हात, मान खाली. वडीलधाऱ्यांना त्यांच्यात असाच नमस्कार करतात. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरले ते मला चहाच्या ट्रेपाशी ऐकू आलं.

"उठा, उठा," बाबा म्हणाले. त्यांचे हात पुढे गेले आणि अंतर ठेवायचं म्हणून मधेच थांबले.

सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाबा हवेबद्दल बोलले. शॅनन नदीला पाणी किती चढलंय ते बोलले. तिजानींचं अक्षर किती सुंदर होतं ते बोलले. तिजानी हसत होते. "सर, तुमच्या धड्यामुळेच मी शिक्षक झालो. पाठांतराचा गर्व उतरला माझा."

"अहो," सासूबाई मराठीत म्हणाल्या. फक्त एवढंच.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्या टिपणांबद्दल… प्रतींमध्ये आधी शंभरच होते. प्रती बदलल्या गेल्या."

तिजानी हसत होते तसेच राहिले, हसू तेवढं गेलं. "बदलल्या गेल्या," ते सावकाश म्हणाले. "कोणी? कर्ता घालून सांगा, सर."

मी ट्रे धरून उभी होते आणि मला वाटत होतं, आत जावं, पण आत जाणं हेच तर आमच्या घरानं इतकी वर्षं केलं होतं.

"मी बदलल्या."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. हिनं टाईप केलं, मी कपाटात ठेवल्या."

"म्हणजे मला बरोबर आठवत होतं."

"शब्दन्‌शब्द."

तिजानींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "तुमच्याकडे मोटारसायकल होती," ते म्हणाले.

"होती."

"आमचं गाव अकरा मैलांवर."

"हो."

"माझे वडील त्यानंतर दोन वर्षं होते. दर शुक्रवारी विचारायचे, आज म्हणतोस? मी म्हणायचो, मला आता येत नाही."

"तपासनीस आले होते तेव्हा," बाबा घाईघाईनं म्हणाले, "करार संपत आला होता, परका देश, नवीन संसार…"

"ते मी विचारलं नाही, सर."

बाबांची मान इतकी खाली गेली की मला त्यांचा टाळूवरचा विरळ भाग दिसला. तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

सासूबाई पुढे सरकल्या. पदराचं टोक मुठीत. "तिजानी सर, शून्य माझ्या हातचं होतं. पिनासुद्धा मीच लावल्या. आणि परवा तुम्हाला खोटं उत्तर लिहून पाठवलं, तेही मीच. क्षमा मागायला तोंड नाही मला. एवढंच विचारते… मंगळवारी वर्गाला आले तर चालेल?"

तिजानींनी टोपी घातली, दोन्ही हातांनी सरळ केली. उठले. खुर्चीची घडी घालून ती भिंतीला टेकवून ठेवली, आणि फाटकातून बाहेर पडून कडी लावून गेले.