बाई, हात खाली घेऊ का?

दुपारचे दोन वाजून गेले आहेत आणि मी झोपलेली नाही. केवळ डोळे मिटले आहेत. हा फरक माझ्या घरातील सर्वांना ठाऊक आहे. जेवणानंतर मी पलंगावर आडवी होते, छातीवर काहीतरी वाचायला असते, आणि त्या वेळेत माझ्या खोलीचे दार कोणी वाजवत नाही. आज छातीवर केतकीचे पाठ टाचण आहे. केतकी माझी नातसून. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. उद्या तिच्या शाळेत शिक्षण परिषद भरणार आहे. आसपासच्या शाळांतील तीस-बत्तीस शिक्षक तिच्या वर्गात मागे खुर्च्या टाकून बसणार आणि तिने त्यांच्यासमोर अपूर्णांकांचा पाठ घ्यायचा. पाठ कसा घ्यावा, हे इतरांनी तिच्याकडे पाहून शिकायचे.

परवा जेवताना तिने माझ्यापाशी विषय काढला. वर्गात अठ्ठावीस मुले. त्यांतील नऊ बोलतात, उरलेली खिडकीबाहेर पाहतात. तिने तीन प्रशिक्षणे केली, तक्ते रंगवले, मोबाइलवर चित्रफिती दाखवल्या. पहिली दहा मिनिटे वर्ग खुलतो आणि मग पुन्हा तीच नऊ मुले उरतात. पाहुण्यांसमोर असे झाले तर काय करायचे, असा तिचा प्रश्न होता.

मी छत्तीस वर्षे शिकवले, त्यांतील चौदा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. मी तिला माझा उपाय सांगितला. प्रश्न विचारला की प्रत्येक मुलाने हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाईंनी उजव्या हातालाच विचारायचे. मागे बसलेल्यांना दिसते ते एवढेच, की सगळा वर्ग उत्तर द्यायला आतुर आहे. बावन्न वर्षांपूर्वी माझ्या वर्गाच्या तपासणीत मी हेच केले होते आणि साहेबांनी शेरेबुकात लिहिले होते, ‘वर्ग एकजात तयार आहे.’ ते वाक्य मला आजही पाठ आहे.

केतकीने भाताचा घास हातातच धरला. “पण आजी, ज्यांना येत नाही त्यांचं काय?”

“तू पाठ घेणार आहेस की पंचायत भरवणार आहेस?” मी म्हणाले. या घरात माझ्या सल्ल्यावर चर्चा होत नाही. आज सकाळी शाळेला निघताना ती सांगून गेली, की शेवटच्या तासाला मुलांकडून तालीम करून घेते.

पंखा कुरकुरतो आहे. त्याला तेल द्यायला मी चार वेळा सांगितले आहे. कुरकुर हळूहळू लयीत येते, आणि ती शिलाई मशीनची आहे हे माझ्या ध्यानात येते. मशीन माझ्या वर्गात आहे. तपासणीचे साहेब जिथे बसत, त्या टेबलाच्या जागी.

मशीनवर शेवंता घारे बसली आहे. ती माझी चौथीची विद्यार्थिनी. पुढे तिने गावात शिवणकामाचे दुकान घातले आणि तीस वर्षे माझी पोलकी शिवली. गेल्या फाल्गुनात ती वारली. मी तिच्या घरी भेटायला जाऊन आले. तेव्हा ती इथे कशी, असा प्रश्न मला पडायला हवा. मला खटकते ते एवढेच, की वर्गाच्या वेळेत ती मशीन चालवते आहे, आणि तेही एका हाताने. तिचे केस पांढरे आहेत, अंगात शाळेचा निळा झगा आहे, आणि डावा हात सरळ वर आहे.

“वर्गात मशीन कोणी आणलं?” मी विचारते.

“शिवणाचा तास हाय, बाई.” मशीन थांबते. “हात खाली घेऊ का?”

“मुळात वर कशासाठी केला आहेस?”

“सायबांनी इचारलं न्हवं का, पाव आन् अर्धा मिळून किती. तुम्ही सांगितलं हुतं, येत नसंल तर डावा. मग सायब गेलं, पोरं घरी गेली. खाली घ्या म्हणून कुणी बोललंच न्हाई.”

तक्रारीचा सूर तिच्या आवाजात नाही. दुकानात ती ‘बाही लांब करू का’ असे विचारायची, तसाच हा प्रश्न आहे. मी तिला वर्गाबाहेर जायला सांगण्यासाठी दाराकडे वळते, तर दार तिच्या दुकानाचे आहे आणि भिंतीवर तक्ते नाहीत. खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याला एकेक दोरी, मध्ये मध्ये गाठी मारलेली. या दोऱ्या मी तीस वर्षे पाहिल्या आहेत. एका गिऱ्हाइकाची एक दोरी. पहिली गाठ बाहीची, दुसरी पाठीची, तिसरी छातीची. मला हा अव्यवस्थितपणा वाटे. प्रत्येक खेपेला मी तिला सुनवत असे, की माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने मापे वहीत लिहावीत, आणि प्रत्येक खेपेला ती तोंडाला पदर लावून हसत असे.

“माझी कोणती?” मी विचारते.

ती न पाहता एक दोरी काढून माझ्या हातात देते. दोरी गार आहे, नुकतीच रांजणातून काढल्यासारखी.

“हेच वहीत लिहिलं असतंस, तर शोधायला सोपं गेलं असतं.”

“सव्वानऊ कसं लिवत्यात, बाई?”

मी तिला दरडावते. चौथीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा सगळे शिकवले होते. समजले नव्हते तर त्याच वेळी विचारायचे होते.

“हात वर हुता की,” शेवंता म्हणते.

मी कोणाला उत्तर द्यायला बांधील नाही, तरीही देते. त्या शेऱ्यामुळे शाळेचे नाव तालुक्यात झाले, पुढच्याच वर्षी नवी खोली मिळाली, पत्र्याखाली बसणारी मुले सिमेंटच्या छताखाली आली, हे सगळे मी तिला क्रमाने सांगते. ती ऐकून घेते, मधूनच एका हाताने मशीनच्या सुईत दोरा ओवते. गिऱ्हाइकाचे घरगुती रडगाणे ऐकावे, तसे ती ऐकते आहे, हे मला आवडत नाही.

“ते समदं खरं,” ती म्हणते. “पर सांगा, पोलकं घालून बघितलं, की मी तुमास्नी काय इचारायची?”

“कुठे काचतं का, ते.”

“मग? जिथं चांगलं बसलंय, तिथं काय इचारायचं? काचतंय तेवढंच उसवायचं, पुन्यांदा शिवायचं.” तिच्या ओठांत टाचणी आहे, तरी ती हसते. “तुमचा उजवा खांदा नेहमी काचायचा, बाई. छडी धरून धरून.”

मी तिला उद्धटपणाबद्दल अंगठे धरून उभे करणार, एवढ्यात मी खाली बसलेली आहे. बसपट्टीवर, मांडी घालून. माझे गुडघे गेली अकरा वर्षे मुडपत नाहीत; आता ते मुडपलेले आहेत आणि दुखत नाहीत. पुढे मुलांच्या मानांच्या रांगा आहेत. फळ्यापाशी केतकी उभी आहे, मी दिलेली जांभळी इरकल नेसून. मागे खुर्च्यांवर माणसे आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, मांडीवरच्या वह्या तेवढ्या दिसतात.

“पाव आणि अर्धा मिळून किती?” केतकी विचारते.

हे मला येते. छत्तीस वर्षे मी हे शिकवले आहे. मी फळ्याकडे पाहते. फळ्यावर आकडे नाहीत, गाठी आहेत. लहान गाठ, मोठी गाठ, मध्ये अंतर. मला गाठी वाचता येत नाहीत. कोणी कधी शिकवल्या नाहीत.

सगळे हात वर जातात. शेजारी शेवंता बसली आहे, दहा वर्षांची, पांढऱ्या केसांची. ती माझ्या कानाशी येते.

“बाई, कुठला?”

मी डावा हात वर करते.

पाटल्या मनगटावरून खाली घसरतात, त्यांचा आवाज होतो. केतकीची नजर रांगेवरून फिरत माझ्यापर्यंत येते आणि माझ्या डोक्यावरून पुढे जाते. कुठेही न अडखळता जाते. तिने मला चुकवल्याचे मागच्या खुर्च्यांवरच्या कोणालाही कळत नाही. ही नजर मीच तिला शिकवली आहे, परवा, भाताच्या ताटावर. पुढच्या रांगेतला एक उजवा हात उत्तर देतो. मागे वह्यांत लिहिल्याचा आवाज येतो. काय लिहीत आहेत, ते मला ठाऊक आहे. खुर्च्या सरकतात, पाहुणे जातात, मुले दप्तरे उचलतात. घंटा झाली आहे. माझा हात खांद्यापासून भरून आला आहे आणि तो खाली घे असे मला कोणी म्हणत नाही. मी केतकीला तिच्या नावाने दरडावते. तोंडातून शब्द येतो तो ‘बाई’.

ती मागे वळत नाही.

शेवंता माझ्या मापाची दोरी बोटांभोवती गुंडाळते आहे. “दमला का हात?” ती म्हणते. “आत्ताशी तर एकच तास झालाय.”

“तू किती वर्षं धरलास?”

तिचा हात अजूनही वर आहे. शिवणाऱ्या बाईचा हात, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. मला आजवर कोणापुढे आवाज खाली आणावा लागलेला नाही. आता तो आपोआप खाली येतो.

“शेवंता, हात खाली घे. कुठे अडलं होतं, ते मला सांग.”

ती हात खाली घेते. झग्याच्या घेरात ठेवते आणि दुसऱ्या हाताने चोळते, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“माझं ऱ्हाऊ द्या आता,” ती म्हणते. “तिकडं एकोणीस जणं हायती.”

पंखा कुरकुरतो आहे.

मी जागी आहे. पाठ टाचण जमिनीवर पडले आहे. माझा डावा हात पलंगाच्या कठड्याला टेकून सरळ वर उभा आहे. त्याला मुंग्या आल्या आहेत आणि उजव्या हाताने धरल्याखेरीज तो खाली येत नाही. पाटल्या कोपरापाशी आहेत. गेली चाळीस वर्षे त्या मनगटापासून चार बोटांपलीकडे सरकलेल्या नाहीत.

घड्याळात साडेतीन होत आहेत. शाळेची छोटी सुट्टी. शेवटचा तास अजून व्हायचा आहे. उशाशेजारचा फोन मी उजव्या हाताने उचलते.

“केतकी, तालीम घेऊ नकोस.”

पलीकडे मैदानाचा कलकलाट आहे. ती सांगते, की उजवा-डावा तिने मुलांना सकाळीच समजावला. मुलांना खेळ वाटला, पटकन जमले.

“मग राहू दे तसंच. पण विचारायचं ते डाव्या हाताला, आणि आधी विचारायचं. उत्तर विचारू नकोस. कुठे अडलं, ते विचार. शेवटच्या तासाला आजच सुरुवात कर.”

“आणि उद्या, आजी? पाहुण्यांसमोर?”

“पाहुण्यांसमोरच. ते शिकायलाच येत आहेत ना?”

एकोणीस मुलांना असे विचारत बसले तर पाठ अर्धाही होणार नाही, अपूर्णांकांची बेरीज राहूनच जाईल, आणि शेऱ्यात काय येईल ते सांगायला नको, असे ती चाचरत म्हणते. ती मला घाबरते, याचा मला आजवर अभिमान होता.

“नाही होणार पुरा,” मी म्हणते. “शेरा वाईट आला तर येऊ दे. मी उद्या तुझ्याबरोबर येते आहे. पाठ संपला की मला पाच मिनिटं बोलायची दे. माझ्या वर्गाचा शेरा कसा मिळाला होता, ते त्या बत्तीस जणांना मी स्वतः सांगणार आहे. नाव घेऊन.”

“कोणाचं नाव?”

“माझं. आणि शेवंता घारेचं.”

पलीकडे घंटा वाजते आणि केतकी घाईने विचारते, की माझ्यासाठी पाठीची खुर्ची पुढे मांडू की मागे.

“खुर्ची नको. मुलांत बसेन. मला खाली बसवायला आणि उठवायला दोन माणसं लागतील, तेवढी व्यवस्था कर.”

फोन ठेवून मी पाटल्या खाली ओढून पाहते. त्या कोपराखालच्या मांसात रुतल्या आहेत, भोवती लाल वळ उमटला आहे. तेल लावल्याखेरीज उतरायच्या नाहीत. स्वयंपाकघरात हाक मारली, तर तेलाची वाटी लगेच येईल.

मी हाक मारत नाही. उद्या पाठ होईपर्यंत त्या तिथेच काचत राहतील.