नापासराव आणि बेचाळीस बाकं

नापासराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हतं. पण पाळण्यातल्या नावाने कोणी त्यांची चौकशी केली असती, तर शेजाऱ्यांनीसुद्धा "असं कोणी इथं राहत नाही" म्हणून त्याला वाटेला लावलं असतं.

खुर्च्यांच्या कारखान्यात ते बावीस वर्षं तपासणीच्या टेबलाशी उभे होते. तयार खुर्ची समोर आली की ते तिला पाठीला धरून गदागदा हलवत, उलटी करत, चारही पायांवरून बोट फिरवत. मग लाल खडूने फुली मारून शांतपणे म्हणत, "नापास." सुतार त्यांच्या नावाने बोटं मोडत. हा माणूस स्वर्गात गेला तरी आधी तिथल्या सिंहासनाचे पाय हलवून बघेल, असं म्हणत.

त्यांच्यावर हसणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको. जेवणात मीठ कमी आहे, पडद्याचं टोक बोटभर वर आहे, असं काही ते बोलले की ती त्यांच्याच खिशातला खडू काढून त्यांच्या कपाळावर फुली मारायची. एकदा ते ती फुली घेऊन तसेच कारखान्यात गेले. दुपारपर्यंत कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना मनातून पटलंच होतं.

ती बायको चार महिन्यांच्या आजारात गेली. वर्ष उलटायच्या आत कारखान्याने लाकूड सोडून प्लास्टिक धरलं. साच्यातून निघणाऱ्या खुर्च्या सगळ्या एकसारख्या, त्यांत पास काय आणि नापास काय! नापासरावांचं टेबलच उचललं गेलं.

घरात उरले दोघं, ते आणि त्यांच्या सासूबाई. मुलगी होती तोवर सासूबाई तिच्याकडे राहत होत्या. मुलगी गेल्यावर त्या कोणाकडे राहतात, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. त्या जाऊ म्हणत नव्हत्या, ते जा म्हणत नव्हते. त्या जावयाला जावईबापू म्हणत, ते त्यांना आई म्हणत. दोघंही पहाटे उठून एकमेकांना चहा करू पाहत, त्यामुळे घरात रोज दोनदा चहा होई. गेलेल्या माणसाबद्दल मात्र चकार शब्द नाही. जेवणाच्या टेबलाशी तिसरी खुर्ची होती, तिच्याभोवतीने दोघं असे वळसा घालून जात की जणू तिथं नुकतीच फरशी पुसली आहे.

देवाशी तर नापासरावांनी अबोलाच धरला होता. दर रविवारी ते सासूबाईंना चर्चच्या दारापर्यंत सोडत आणि स्वतः बाहेर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे राहत. उपासना संपली की त्यांना घेऊन घरी परत.

पण कान कोण बंद करणार? चर्चमध्ये बेचाळीस बाकं होती आणि बेचाळीसच्या बेचाळीस करकरत होती. पाळकसाहेब म्हणत, "आपण क्षणभर शांत राहू या," की लोक माना खाली घालत आणि बाकं बोलू लागत. कर्र इकडून, कुईं तिकडून. एका रविवारी तर पाळकांनी "प्रभू आपल्याला काय सांगतो?" असं विचारलं आणि तिसऱ्या बाकाने इतक्या वाईट सुरात उत्तर दिलं की पोरंच काय, म्हातारेही फिसकन हसले.

भिंतीबाहेर नापासरावांच्या दाढा शिवशिवल्या. उपासना संपताच ते दोन वर्षांत पहिल्यांदा आत घुसले. सासूबाईंचे डोळे भरून आले. जावयाला पश्चात्ताप झाला असं त्यांना वाटलं.

"पाळकसाहेब," नापासराव म्हणाले, "तुमची बाकं नापास आहेत."

पाळक बुटके, गुबगुबीत आणि सदा हसतमुख होते. "आमची माणसंही नापासच आहेत हो. पास झालेली इथं कशाला येतील?"

"माणसांचं मला माहीत नाही. बाकं मी दुरुस्त करून देतो. पण एक अट आहे. काम करताना मला कोणी उपदेश करायचा नाही."

"कबूल. तुम्हीही मला करायचा नाही," पाळक म्हणाले.

सोमवारपासून नापासराव पटाशी, हातोडी, पाचरी आणि सरसाचा डबा घेऊन चर्चमध्ये जाऊ लागले. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे सांधे ढिले ठरवले होते. सांधा घट्ट करणं किती कठीण असतं, ते पहिल्याच बाकाने दाखवून दिलं. त्या बाकाला त्यांनी सकाळी पाचर मारली, दुपारी ती निघाली. कारखान्यातल्या सुतारांची मनातल्या मनात माफी मागण्याची पाळी आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती खरंच मागितली, मोठ्याने, रिकाम्या चर्चमध्ये, एकेकाचं तोंड आठवून. माफी मागून होईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही की आपण हे कोणाला तरी ऐकवतो आहोत.

शनिवारी ते पाचव्या बाकाखाली उताणे पडून काम करत होते. धक्का लागून सरसाचा डबा कलंडला आणि सरस पाठीखाली पसरला. नापासरावांना वाटलं, हातातला सांधा आधी बसवू, मग उठू. सांधा झकास बसला. पण तोवर नापासरावांचा सदराही फरशीला तितकाच झकास बसला होता. उठायला गेले तर फरशीने सोडलं नाही. सदरा काढावा तर वर बाक, कोपर हलायला जागा नाही.

इतक्यात दार वाजलं. ओळखीचा खोकला आला. दहा वाजता बायकांची प्रार्थनासभा होती आणि सासूबाई नेहमीप्रमाणे तासभर आधी हजर झाल्या होत्या. त्यांची नेहमीची जागा पाचवं बाक. त्या येऊन बरोबर नापासरावांच्या नाकावर बसल्या. म्हणजे मध्ये फळी होती, एवढंच.

हाक मारावी तर म्हातारीचा जीव घाबराघुबरा व्हायचा. गप्प राहावं तर हे चोरून ऐकणं. नापासरावांचा निर्णय होण्याआधीच सासूबाई बोलू लागल्या. त्यांची प्रार्थना म्हणजे देवाला शेजारच्या खुर्चीत बसवून केलेल्या गप्पा.

"देवा, या आमच्या जावईबापूंना काहीतरी कायमचं काम दे बाबा. ही बाकं संपली की मी काय करू? परवा त्यांनी माझी कवळी हातात घेतली. म्हणतात, 'ढिली आहे आई, बारीकशी पाचर मारून देऊ का?' तूच सांग, कवळीला कोणी पाचर मारतं का?"

बाकाखाली नापासराव शरमेने लाल झाले. पाचर खरोखर बसली असती, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"आणि दुसरं," सासूबाईंचा आवाज खाली आला. "माझी पोर नेलीस. माझी काही हरकत नाही असं मी म्हणणार नाही. हरकत आहे. तुझ्याकडे आल्यावर समोरासमोर बोलू. पण या माणसाला मी रोज काही ना काही आणायला बाहेर पाठवते, ते मला रडायचं असतं म्हणून. घरात आता सहा किलो मीठ झालंय. तो बिचारा विचारतसुद्धा नाही, मुकाट्याने जातो. पोटचा पोर असता तर एवढं ऐकलं नसतं. त्याला सांग की मला दुसरं घर नको. मला सांगवत नाही."

मीठ का वाढत चाललंय, हा प्रश्न नापासरावांना पडला होता. विचारलं नव्हतं, कारण दुकानाच्या वाटेवर एक पडकी भिंत होती आणि तिच्यामागे बसून त्यांनाही रडायचं असायचं.

"आमेन," सासूबाई म्हणाल्या.

"आमेन," बाकाखालून आवाज आला.

सासूबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी पाय वर घेतले, छत्री घट्ट धरली आणि दबकत विचारलं, "प्रभू?"

"नाही आई. मी आहे."

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "सगळं ऐकलंत?"

"नाही."

"चर्चमध्ये खोटं बोलू नका."

"ऐकलं."

"मग बाहेर या की."

"येता येत नाही. चिकटलोय."

सासूबाईंनी पिशवीतली कात्री काढली. त्या लोकांचे कपडे शिवत, त्यामुळे कात्री सतत सोबत. गुडघे टेकून, आत हात घालून त्यांनी सदरा बाजूने कापला आणि जावयाला ओढून बाहेर काढलं. नुसत्या बनियनमध्ये, केसांत भुसा भरलेले नापासराव फरशीवर बसले. सासूबाई शेजारी बसल्या. दोघं एवढा वेळ रडले की सभेला आलेल्या बायका दारातूनच मागे फिरल्या. त्यांना वाटलं, घरात आणखी कोणी गेलं. सदऱ्याची पाठ मात्र अजून तिथंच आहे. पाळकांनी ती खरवडू दिली नाही.

बेचाळीस बाकं झाली तेव्हा लोक घरच्या खुर्च्या घेऊन येऊ लागले. चर्चमागच्या गल्लीत मोटारींच्या टायरचं एक बंद दुकान होतं, ते दोघांनी घेतलं. नापासराव लाकूड बघायचे, सासूबाई गाद्या आणि कापड. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम पहिले आठ दिवस नापासरावांकडे होतं. एका जाड्या गृहस्थाला त्यांनी विचारलं, "या खुर्चीवर तुम्ही बसता की उडी मारता?" एका नव्या नवरीला सांगितलं, "ज्याने हा पलंग दिला त्याला लग्न मान्य नव्हतं." नवव्या दिवशी सासूबाईंनी आपलं शिलाई मशीन दारात आणून ठेवलं आणि जावयाला मागच्या खोलीत धाडलं. दुकान त्यानंतर चाललं.

रोज सकाळी कुलूप उघडलं की दोघं एक स्तोत्र वाचत. नापासराव वाचता वाचता थांबत, एखाद्या ओळीपाशी "हे मला पटत नाही" म्हणत. सासूबाई म्हणत, "पुढे वाचा, दुपारपर्यंत पटेल." कधी पटे, कधी उद्यावर जाई.

एकदा एक म्हातारे गृहस्थ झुलती खुर्ची घेऊन आले. पायांमधली एक दांडी तुटली होती. खुर्ची झुलताना टक् असा आवाजही करत होती. सासूबाई बाहेर गेल्या होत्या, म्हणून नापासराव पुढे आले.

"दांडी बदलतो. आवाजही घालवतो."

"आवाज राहू द्या," म्हातारे घाईने म्हणाले. "माझी बायको हिच्यावर बसायची. तो आवाज ऐकत मी पेपर वाचायचो."

नापासरावांनी खुर्ची हलवली. टक्. पुन्हा हलवली. आवाज कुठल्या सांध्यातून येतो ते त्यांना लगेच कळलं. मग दिवसभर बसून त्यांनी दांडी अशी बेताने बसवली की त्या सांध्याला धक्का लागू नये. आवाज घालवायला दहा मिनिटं लागली असती. संध्याकाळी घरी येऊन ते सरळ त्या तिसऱ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आई, तिच्या लहानपणाचं काहीतरी सांगा." सासूबाई सांगू लागल्या. अर्ध्यावर जावयाने चूक काढली, की हे तुम्ही सांगताय ते तिनं मला वेगळं सांगितलं होतं, आणि दोघं मनसोक्त भांडले.

दुकानाला वर्ष झालं तेव्हा पाळकांनी त्यांना साक्ष द्यायला उभं केलं. देवाने आपल्याला कसं बरं केलं, ते चार लोकांत सांगायचं.

नापासराव पुढे जाऊन उभे राहिले. घसा साफ केला. "मी पूर्ण बरा झालेलो नाही," ते म्हणाले. मंडळी चुळबुळली. "तपासून सांगतोय. दुःख आहे तिथंच आहे. पण पूर्वी त्यावर काही ठेवलं की कोसळायचं. आता वजन पेलतं. देव माझ्याशी कधी बोलला म्हणाल तर सरळ बोललेला नाही. तो सासूबाईंमार्फत बोलतो आणि फार बोलतो."

"आवरा आता," सासूबाई जागेवरून म्हणाल्या.

"हे बघा," नापासराव म्हणाले आणि खाली बसले.

उपासना संपून ते बाहेर आले तर तीन माणसं मोडकी स्टुलं घेऊन उभी. नापासरावांनी पहिलं स्टूल हातात घेतलं, उलटं केलं, पायांवरून बोट फिरवलं आणि तोंड उघडलं. शेजारी सासूबाई खाकरल्या.

"ठेवून जा," नापासराव म्हणाले. "गुरुवारी मिळेल."