विहिरीची उघडी बाजू

बालवाडीवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. साताऱ्यात प्रशिक्षण झालं होतं. रंगीत कागदाचे कंदील, पुठ्ठ्याची घरं, लाकडी ठोकळे असं बरंच काही शिकवून आम्हाला सोडलं होतं. गाव मिळालं विट्याकडचं, एस.टी.तून उतरून तासभर चालत. तिथं कागदही नव्हता आणि पुठ्ठाही. ठोकळ्यांची पेटी येणार, येणार असं ऐकत राहिले. ती कुठं अडकली देव जाणे. खोलीसुद्धा नव्हती. बालवाडी भरायची एका विहिरीवर, उंबराच्या झाडाखाली.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. गावातले कर्ते पुरुष एक तर पलटणीत, नाहीतर गलाईच्या धंद्यात, कुठल्या कुठल्या शहरांत सोनं गाळत बसलेले. शेती सगळी बायकांच्या अंगावर. त्या सकाळी पोरं माझ्यापुढं सोडायच्या आणि हाकेच्या अंतरावर तण काढायला, भांगलायला बसायच्या. ज्यांची तान्ही होती त्या मधेच पाजायला यायच्या, जाताना मुलांसाठी ओंजळभर शेंगा किंवा गुळाचा खडा ठेवून जायच्या. आम्ही गाणं म्हणायला लागलो की शेतातून पुढची ओळ यायची, आणि बऱ्याचदा चुकीची यायची. पोरं आईची चूक सुधारायला घसा फोडून ओरडायची.

ठोकळे नाहीत म्हटल्यावर मी चिंचोके घेतले. उंबरं टपटप पडायची, ती फोडून आतले बारीक किडे बघण्यात एक सकाळ जायची. पाटाचं पाणी कुठं जातं ते बघत आम्ही रांगेनं पाटाकडेनं शेवटच्या वाफ्यापर्यंत जायचो. बेंदराच्या सणाला तिथल्याच चिखलाचे बैल केले. माझ्या कागदी कंदिलांची आठवण कुणालाच आली नाही, मलासुद्धा नाही.

विहिरीला तीन बाजूंनी कठडा होता. चौथ्या बाजूनं मोट चालायची, म्हणून ती उघडी. मोटेचं पाणी पडायचं ते दगडी थारोळं त्याच कडेवर. मुलं येईपर्यंत बैल सुटलेले असायचे, पण थारोळ्यात पाणी उरायचं आणि पोरांची धाव तिकडंच. दुष्काळात ही विहीर खणून आणखी खोल केली होती.

पहिल्याच आठवड्यात एक बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, विहिरीच्या मालकाची सून. कुणाला न विचारता थारोळ्याशेजारी, अगदी उघड्या कडेवर, पाण्याकडं पाठ करून बसली. मुलं घरी जाईपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिचं एकही मूल माझ्याकडं नव्हतं. मला वाटलं, मी शिकवते की झोपा काढते ते बघायला सासऱ्यानं पाठवली असणार. चार दिवस दम धरला आणि मग म्हटलं, "वैनी, तुमच्याकडं मुलांचं लक्ष जातंय. तिकडं सावलीत बसा की."

"न्हाई, हितंच बरं हाय," एवढं म्हणून तिनं पदर सारखा केला.

माझा पारा चढला. मुलाला पाजायला आलेल्या एका बाईपुढं मी तणतणले. तिनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "आवं बाई, गप ऱ्हावा. तिचं पोरगं गेलंय ह्या हिरीत. गेल्या साली, ती भांगलायला गेल्ती तवा. ती बसती का न्हाई, तितनंच."

मग सगळं कळलं. त्या पोराच्या जाण्यानंच गाव हादरलं होतं आणि बालवाडी मागितली होती. सासरा पलटणीतून पेन्शनीत आलेला हवालदार. जागा त्यानंच दिली होती, सावली आहे, पाणी आहे, पोरं एका ठिकाणी नजरेखाली राहतील म्हणून. मला रागच आला. साऱ्या शिवारात हीच जागा सापडली यांना? तशीच उठून त्याच्याकडं गेले.

"दुसरं झाड दावा, तितं बसवा," तो म्हणाला. खरंच दुसरं झाड नव्हतं. दुष्काळात सगळी गेली होती. "लाइटीचा अर्ज केलाय. मोटर बसली का ती बाजू बांदून टाकतो. तवर मोट बंद ठिवून खायाचं काय?"

"आणि वैनी?"

"बसू द्या तिला," म्हणाला आणि पाठ फिरवून वाफ्यात उतरला.

पण माझ्या मनात भलतीच भीती शिरली होती. जिवाला कंटाळलेली बाई विहीर जवळ करते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ही मुलांसाठी बसत नाही, इथं रोज बसून धीर गोळा करतेय, असं मला वाटायला लागलं. गाणं शिकवताना माझा एक डोळा मुलांवर आणि एक तिच्यावर. हळूहळू ध्यानात आलं की तिचा म्हातारा सासराही सकाळभर तोच वाफा उकरत असतो, मान वर करून पुन्हा खाली घालतो. आम्ही दोघं तिला राखत होतो, एकमेकांशी एक अक्षर न बोलता.

ती मात्र मुलांवरची नजर काढत नसे. एकदा एक पोरगा घरंगळणाऱ्या उंबरामागं सुसाट धावला. मी किंचाळले. तिनं बसल्या जागेवरून हात लांब करून त्याची चड्डी धरली आणि त्याला मागं सारलं, जणू वासरू गव्हाणीकडं वळवावं. पोरांना ती आवडायला लागली. तिच्या ओच्यात उंबरं, चिंचोके, चिखलाचे बैल जमा व्हायचे. एखादं मांडीवर चढायला गेलं की मात्र ती हलकेच उतरवून ठेवायची.

पुढच्या उन्हाळ्यात विजेचे खांब आले, मोटर बसली, मोट सुटली. म्हाताऱ्यानं दुसऱ्याच दिवशी गवंडी आणला. दगड वाहायला सगळ्या बायका आल्या, पोरांनीही इवले इवले खडे आणून टाकले. गवंड्यानं दोन्ही टोकांनी काम धरलं. ती मधल्या मोकळ्या जागेत बसून. भिंत दोन्हीकडून जवळ येईल तशी जागा कमी होत गेली, आणि संध्याकाळी तिच्या अंगापुरतीच उरली.

"उटा वैनी," गवंडी म्हणाला. ती उठली. त्यानं उरलेली फट बुजवली.

सकाळी ती आली, पण बसायला जागा नव्हती. कठड्यापुढं उभी राहिली, दगडांवरून हात फिरवला. मग दोन्ही तळवे कठड्यावर टेकले आणि आत वाकली. आजवर तिनं विहिरीत एकदाही बघितलं नव्हतं. मी गाणं टाकून धावले आणि तिचा पदर मुठीत आवळून धरला. वाफ्यातून म्हाताराही धडपडत आला, पण सुनेला हात कसा लावायचा म्हणून दोन पावलांवर थांबला.

ती वाकलेलीच बोलली. "सोडा बाई. न्हाई उडी घ्याची. घ्याची आस्ती तर वाट मोकळी व्हती तवाच घेतली आस्ती. पोरं व्हती म्हून बसत हुते. आता बगू द्या मला."

मी पदर सोडला. ती बराच वेळ खाली बघत राहिली.

"लय खोल हाय वं बाई," ती म्हणाली. "त्येला लय भ्या वाटलं आसंल."