उदासीन अणूंची ओढ

मरोळ गावठाणातल्या क्लेमेंटची शर्लिन शाळेत "का?" विचारून विचारून मास्तरांना भंडावून सोडायची. पुढे पीएच.डी.ला तिनं असा विषय घेतला की घरच्यांनीच "का?" विचारावं. ज्या अणूत धन आणि ऋण वीज सारखीच, म्हणजे पुस्तकी मराठीत जो "उदासीन", तोही काचेजवळ नेला की काच त्याला लांबूनच अलगद ओढते. त्याच्यातली वीज सतत जराशी इकडेतिकडे हलत असते आणि काच तिला प्रतिसाद देते. ही ओढ किती, एवढंच शर्लिनला मोजायचं होतं.

तिच्या आईनं, वेन्डीनं, त्यातला एकच शब्द धरला. "उदास हाय तर त्याला काचेजवल कशाला ढकलते गो? त्याच्याशी जरा बोल ना!" शिवाय गल्लीत सांगून आली, की आमची पोर दुःखी जीवांचं काहीतरी करते. दोघी शेजारणींनी गल्लीतल्या क्रुसापाशी त्या जीवांसाठी मेणबत्त्यासुद्धा लावल्या. शर्लिनची हसून हसून मुरकुंडी वळली.

हसू फार टिकलं नाही. वर्षानुवर्षं खपून ओढ मोजली, तर ती गणितानं सांगितलेल्या आकड्याच्या तिप्पट! मार्गदर्शक माधुरी मॅडम हरखल्या. "नवं बल सापडलंय, शर्लिन! पुढच्या परिषदेत तूच सांगायचं."

शर्लिन मनात हिशोब करू लागली. खरं निघालं तर नाव. खोटं निघालं तर चारचौघांत शोभा आणि प्रबंधाचीही वाट लागली.

"मॅडम, आधी चूक शोधू द्या ना."

मॅडम नाराजीनंच हो म्हणाल्या.

तिनं एकेक गोष्ट तपासली आणि शेवटी काचेपाशी आली. प्रत्येक वेळी थोडे अणू काचेवर आदळून तिथंच चिकटून बसत होते. चिकटले की त्यांच्यातली वीज एका बाजूला झुकत होती, आणि नव्या अणूंना तेच ओढत होते. शर्लिननं काच तापवली. चिकटलेले सुटले. पुन्हा मोजलं, तर ओढ थेट गणिताच्या आकड्यावर!

मॅडमचा चेहरा पडला. मग त्याच म्हणाल्या, "बरं झालं गं. परिषदेत तोंडघशी पडलो असतो."

शर्लिन धावतच घरी आली. वेन्डी ओट्यापाशी मासे साफ करत होती.

"काय नवीन सापरलं काय गो?"

"काय पण नाय, मम्मी! अगदी काय पण नाय!" असं म्हणत तिनं आईला मिठी मारली आणि आनंदानं रडू लागली. काही न सापडल्याचा एवढा आनंद वेन्डीनं जन्मात पाहिला नव्हता. माशांचे हात तसेच वर धरून तिनं घाबऱ्या घाबऱ्या क्लेमेंटला हाक मारली.