साय धरलेला समुद्र

माझा धाकटा भाऊ मुरबाडकडे रस्त्यांच्या कामावर जेसीबी चालवायचा. ओळखीतून ओळख निघाली आणि अंटार्क्टिकाला जाणाऱ्या मोहिमेत त्याला मशीन चालवायचं काम मिळालं. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यातून कुणी दुबईलाही गेलं नव्हतं आणि हा थेट पृथ्वीच्या बुडाशी निघाला. आईला शेजारच्या मुलाच्या पृथ्वीगोलावर जागा दाखवली, तर म्हणाली, "आन् खाली पडला म्हंजे?"

आफ्रिकेच्या टोकावरून जहाज दक्षिणेला लागलं. त्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, लाटा पृथ्वीभोवती गोल फिरत राहतात, असं तो सांगायचा. पुढे बर्फाचे तुकडे, मग त्यांची दाटी, मग धुकं. मोठा हिमनग रडारवर दिसतो, पण अर्धा बुडालेला खडकाएवढा तुकडा निसटतो. म्हणून तिथे एक माणूस नुसता बघत उभा करतात. सूर्य मावळायचं नाव घेत नाही, पूर्व-पश्चिम कळत नाही. "दिशा इथं कुनाच्या बापाची नाय, ताई," तो म्हणाला. मला ते अजिबात आवडलं नाही.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली होती तेव्हा दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे नजर पोचेल तिथवर पांढरं सपाट, मधे बांबूंना लाल फडकी.

"केवढं मैदान रे," आई म्हणाली.

"मैदान नाय गो. समुद्रच हाये. वर साय धरलीय. तिच्यावरनं सामान वढून न्यायचंय."

फडक्यांमधून वाट होती, पण कालची वाट आज धड असेलच असं नव्हतं. आदल्या दिवशी दोन बांबूंच्या मधोमध भेग पडली होती. मग तो घुटमळला आणि म्हणाला, "आई, इथं सीटचा पट्टा लावायचा नाय असा नियम हाये. टपावरचं झाकण पन उघडं ठेवायचं. मशीन खाली गेली तर भायेर पडायला टाइम नाय भेटत. मी अजून लावतोय, सायब वरडतो. तू सुटली म्हन ना."

आमचे वडील हायवेवर टेम्पोच्या काचेतून बाहेर फेकले जाऊन गेले. पट्टा असता तर वाचले असते, असं सगळे म्हणाले. म्हणून भाऊ मशिनीवर बसायला लागला, त्या दिवशी आईनं त्याचा हात आपल्या गळ्याला लावून शपथ घातली होती: पट्ट्याशिवाय गाडी चालवणार नाही. आमच्याकडे गळ्याची शपथ मोडली की ज्याचा गळा त्याच्या जिवावर येते. ती सोडवायची तर जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हणायचं, आणि घेणाऱ्यानं ते कानानं ऐकायचं.

"पट्टा काढून गाडी? कोन सांगतो असं? तुजा बाप..." आई बोलत होती तोवर फोन कटला.

मी तडकले. म्हटलं, तुझ्या हट्टापायी पोरगं बुडेल. ती चुलीपाशी बसून राहिली, जेवली नाही. सकाळी स्वतःच माझा मोबाइल मागितला. मी आवाजी निरोपाचं बटण दाबून धरलं आणि ती त्यात बोलली, "सुटली रे पोरा. सुटली. सुटली." निरोपाखाली एक खूण आली. पोचल्याची दुसरी येईना. दिवसभर मी दर घटकेला बघत होते.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरावरून फोन आला. भावाचा आवाज घोगरा होता. मशीन बर्फातून खाली गेली, तो वरच्या झाकणातून बाहेर पडला. मोबाइल मशिनीसंगं तळाला गेला, म्हणून जहाजावरच्या फोनवरून बोलतोय म्हणाला. मला रडू आवरेना.

आईनं विचारलं, "पट्टा?"

"नव्हता लावला."

"माजं ऐकलंस, मंग काढलास ना?"

"हा... हा आई. ऐकलं ना."

माझ्या मोबाइलवर तेव्हाही एकच खूण होती. निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आईला खुणा कळत नाहीत, पण आपलं पोर कळतं. तिनं फोन ठेवला आणि मला आतल्या खोलीत बोलावून नाचणीचं बी कुठल्या मडक्यात आहे, भाताचं कुठल्या कणगीत, ते दाखवायला लागली.

"हे आत्ता कशाला?" मी विचारलं.

"कुनाच्या तरी गळ्यावर यायचंच व्हतं," ती मडक्यावर झाकण ठेवत म्हणाली. "माज्या आलं, बरं झालं."