दीड किलोचा हेवा

पालीचा म्हाळू मेंढरं राखतो. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून सोमवारी-गुरुवारी बीडला डायलिसिसला जातो. शेजारच्या खाटेवर भगवानराव, चाळीस एकरांचे मालक. त्यांच्या जमिनीवर म्हाळू कधी जळला नाही हो. जळला तो त्यांच्या वजनावर!

तिथं मशीनला लावायच्या आधी काट्यावर उभं करतात. मागच्या खेपेला निघताना केलेल्या वजनापेक्षा जेवढं वाढलं, तेवढं पाणी अंगात साठलं. मशीन तेवढंच काढतं. भगवानराव घोट मोजून पाणी पिणारे, दीड किलोच्या वर जायचे नाहीत. स्वप्नाली सिस्टर मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "मालकांकडून शिका जरा!"

म्हाळूचे चार किलो ठरलेले. "त्यांच्या घरी फ्रीज हाय, गार घोट पुरतो. आमी उन्हात मरतो," असं बायकोला, साखराबाईला सांगायचा आणि तांब्या तोंडाला लावायचा.

एका सोमवारी मशीनवरून सुटून निघताना म्हाळूनं वजन दिलं ते पटका, घोंगडी, जाड वहाणा अंगावर ठेवून. गुरुवारी तो सगळा संसार बाहेर साखराबाईच्या मांडीवर, आणि हा अनवाणी काट्यावर. गर्दीत सिस्टरच्या ध्यानात आलं नाही.

"दीडच किलो! शाब्बास म्हाळूबाबा!"

भगवानरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. म्हाळू नवरदेवासारखा पसरला.

मशीननं दीडच किलो काढलं, बाकीचं आत राहिलं. शनिवारी सकाळी मेंढरं सोडताना त्याला श्वास घेता येईना. रिक्षात घालून पुन्हा बीड.

जरा उतार पडल्यावर त्यानं कबुली दिली. सिस्टर कडाडली, "कावून केलं असं बाबा?"

"एकदा तरी मालकाला मागं टाकायचं हुतं."

"असंच केलंत तर तुम्ही वर जाल आणि मालक इथं मजेत राहतील!"

हे मात्र लागलं. मरणाचं भ्या नव्हतं एवढं, पण मालक मागं उरणार?

घरी येताच त्यानं कोकराला दूध पाजायची बाटली धुतली. सिस्टरनं ठरवून दिलेलं दिवसभराचं पाणी साखराबाई सकाळी तिच्यात भरायची. संपली की संपली. पहिले आठ दिवस दोघांत रोज भांडण. पण काटा तीनवर आला, मग दोनवर, आणि आषाढात पटक्याबिटक्याशिवाय, अगदी खरा, सव्वावर.

त्या दिवशी भगवानराव दोन किलो वाढलेले भरले. सुटल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या रसवंतीत म्हाळूला हाताला धरून बसवलं. "घे बे म्हाळ्या, मोठा गिलास घे. एकानं काय होतंय?"

चाळीस एकरांच्या मालकानं जन्मात पहिल्यांदा त्याला काही पाजलं असेल.

"तुमीच घ्या मालक," म्हाळू उठत म्हणाला, "मला गुरुवारी काट्यावर हुभं ऱ्हायचंय."